दीड किलो मिठाचा रोजचा हिशेब

मूत्रपिंडे रक्त गाळतात, हे वाक्य आपण सगळ्यांनी शाळेत पाठ केलेले असते. ते चूक नाही, पण त्याने लक्ष भलतीकडे जाते. गाळणे हे मूत्रपिंडाच्या कामातले सर्वांत स्वस्त काम आहे. हृदयाने रक्ताला दिलेल्या दाबानेच रक्तातला पातळ भाग केशवाहिन्यांच्या गुच्छांतून बाहेर पडतो. त्यासाठी मूत्रपिंडाला पदरचे फारसे काही खर्चावे लागत नाही. खरी मेहनत पुढे सुरू होते. गाळून काढलेल्यातले जवळपास सगळे परत आत घ्यायचे असते, आणि त्यातही मुख्यतः मीठ.

दोन्ही मूत्रपिंडांचे मिळून वजन 300 ग्रॅमच्या आसपास, म्हणजे शरीराच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी. तरी हृदयातून दर मिनिटाला निघणाऱ्या पाच लिटर रक्तापैकी एक ते सव्वा लिटर रक्त एकट्या मूत्रपिंडांकडे जाते. त्यातून मिनिटाला सुमारे 125 मिलिलिटर द्रव गाळला जातो. दिवसाचा आकडा होतो 180 लिटर. आपल्या अंगातल्या सगळ्या रक्तात पातळ द्रव असतो जेमतेम तीन लिटर. तोच दिवसातून साठ वेळा गाळून निघतो. या 180 लिटरमधले सोडियम मिठाच्या भाषेत मांडले तर ते दीड किलोच्या घरात जाते. दिवसभरात लघवीवाटे बाहेर पडते ते जेवणातून पोटात गेले तेवढेच, आठ-दहा ग्रॅम. (जागतिक आरोग्य संघटना पाच ग्रॅमांच्या आत राहा म्हणते, लोणची-पापडांच्या घरात ते कितपत जमते हे आपले आपण जाणतो.) उरलेले 99 टक्क्यांहून अधिक मीठ नलिका परत रक्तात पोचवतात. एका मूत्रपिंडात अशा सरासरी दहा लाख नलिका असतात.

एवढे गाळायचे आणि मग एवढे परत घ्यायचे, ही उठाठेव कशासाठी, असे कुणालाही वाटेल. उत्तर असे की शरीराला हवे असलेले पदार्थ मोजके आणि ओळखीचे असतात, नको असलेले मात्र अगणित, आणि उद्या कोणता नवा पदार्थ पोटात जाईल याचा नेम नसतो. प्रत्येक नको त्या पदार्थाला हुडकून बाहेर काढण्यापेक्षा सगळेच बाहेर काढावे आणि ओळखीचे तेवढे परत घ्यावे, हा मार्ग खर्चिक खरा, पण भरवशाचा. काही औषधे आणि आम्ले नलिका मुद्दाम बाहेरही टाकतात, पण मुख्य व्यवहार परतीचाच.

बेडूक, खेकडा आणि बाणाचे विष

परतीचा हा व्यवहार खरोखर होतो का, यावर एकोणिसाव्या शतकात शास्त्रज्ञांमध्ये चांगलीच जुंपली होती. कार्ल लुडविग म्हणत होते की लघवीची सुरुवात गाळण्याने होते. हायडेनहाइन यांच्या मते ती नलिकांच्या पेशींतून स्रवते. निकाल लावायचा तर नलिकेच्या तोंडाशीच नमुना घ्यायला हवा होता, आणि ते तोंड म्हणजे मिलिमीटरच्या काही दशांशांएवढे बोमन संपुट.

ते काम 1924 मध्ये फिलाडेल्फियात जोसेफ वेअर्न आणि आल्फ्रेड न्यूटन रिचर्ड्स यांनी करून दाखवले. जिवंत बेडकाचे मूत्रपिंड सूक्ष्मदर्शकाखाली उजेडात धरायचे, केसाहून बारीक टोक ओढलेली काचेची नळी संपुटात अलगद शिरवायची आणि आतून थेंबाचाही छोटासा अंश ओढून घ्यायचा. हात किंचित हलला तरी गुच्छ फाटायचा. त्या इवल्याशा द्रवात साखर सापडली आणि क्लोराईडही सापडले. त्याच बेडकाच्या मूत्राशयातल्या लघवीत मात्र साखर नव्हती, आणि लघवीत क्लोराईड नसतानाही संपुटातल्या द्रवात ते भरपूर असायचे. म्हणजे वाटेत कुठे तरी दोन्ही परत घेतले जात होते. वाद तिथे मिटला. पेशी मीठ ओढते कशी आणि त्यासाठी ती काय खर्च करते, हा प्रश्न तेवढा शिल्लक राहिला.

त्याचे उत्तर मूत्रपिंडात सापडले नाही. ते आधी बेडकाच्या कातडीत सापडले आणि मग खेकड्याच्या पायात. तळ्याच्या गोड्या पाण्यात राहणारा बेडूक त्या पाण्यातले नावापुरते मीठ कातडीतून शोषून घेतो. कोपनहेगनच्या हान्स उसिंग यांनी अशी कातडी दोन कप्प्यांच्या मध्ये पडद्यासारखी ताणून बसवली आणि दोन्ही बाजूंना सारखेच मीठपाणी भरले. तरीही सोडियम बाहेरून आत सरकत राहिले. कातडीच्या दोन्ही बाजूंमधला विजेचा दाब उसिंग यांनी बाहेरून वीज देऊन शून्यावर आणला. आता सोडियमला ढकलणारे बाहेरचे काहीच उरले नव्हते, तरी प्रवाह थांबला नाही. कार्ल झेरान यांच्यासोबत 1951 मध्ये प्रसिद्ध केलेल्या या प्रयोगात त्या प्रवाहाचे माप आणि आत गेलेल्या सोडियमचे माप तंतोतंत जुळले. पेशी स्वतः शक्ती खर्चून सोडियम हलवते, याचा याहून स्वच्छ पुरावा मागणे कठीण. पुढे झेरान यांनी कातडी किती ऑक्सिजन वापरते तेही मोजले. ऑक्सिजनच्या एका रेणूमागे सोडियमचे सुमारे 18 आयन. हा अठराचा आकडा लक्षात ठेवा.

डेन्मार्कमध्येच, आर्हुस गावी, येन्स स्कोऊ नावाचे एक डॉक्टर होते. त्यांनी शस्त्रक्रियेचे शिक्षण घेतले होते आणि भूल देणारी औषधे मज्जातंतूवर कशी चालतात हे त्यांना शोधायचे होते. त्यासाठी ते किनाऱ्यावरच्या खेकड्यांच्या पायातले तंतू वाटून त्यातली पेशीपटले वेगळी करत. या पटलांत एटीपी फोडणारे एक विकर होते. एटीपी हे पेशीचे रोजच्या वापरातले इंधन. पण ते विकर नीट चालायला सोडियम आणि पोटॅशियम दोन्ही लागत. एकट्याने भागत नसे. स्कोऊ यांनी 1957 मध्ये हे प्रसिद्ध केले, पण शीर्षकात ‘पंप’ हा शब्द घालायचे धाडस त्यांना झाले नाही. पुढच्या वर्षी व्हिएन्नातल्या परिषदेत अमेरिकेचे रॉबर्ट पोस्ट भेटले. तांबड्या पेशींमधून तीन सोडियम बाहेर जातात तेव्हा दोन पोटॅशियम आत येतात, हे पोस्ट यांनी मोजले होते. त्यांनी विचारले, तुमचे विकर ओउबेनने थांबते का? स्कोऊ यांनी उलट विचारले, ओउबेन म्हणजे काय? मग त्यांनी तिथूनच आर्हुसला फोन लावून प्रयोग करायला सांगितला. तांबड्या पेशीतल्या पंपासारखेच हे विकरही ओउबेनने थांबले. खेकड्याच्या पायातले विकर आणि तांबड्या पेशीतला पंप एकच होते. या कामासाठी 1997 मध्ये, म्हणजे चाळीस वर्षांनी, स्कोऊ यांना रसायनशास्त्राच्या नोबेलचा अर्धा वाटा मिळाला.

ओउबेन हे आफ्रिकेतल्या शिकाऱ्यांचे बाणाला लावायचे विष. ज्या वनस्पतींतून ते निघते त्यांच्याच कुळातली आपली कण्हेर आणि पिवळी कण्हेर, म्हणजे बिट्टी. त्यांचे विषही हाच पंप बंद पाडते, आणि हृदयाची लय बिघडून माणूस दगावतो. महामार्गांच्या दुभाजकांत कण्हेर लावतात आणि मोकाट गुरे तिला तोंड लावत नाहीत, त्यामागचे रसायन हे असे आहे.

एक पंप, बाकी सगळे उतारावर

आता हा पंप नलिकेच्या पेशीत बसवून पाहू. पेशीची एक बाजू नलिकेच्या पोकळीकडे, म्हणजे होऊ घातलेल्या लघवीकडे, दुसरी रक्ताकडे. पंप फक्त रक्ताकडच्या बाजूला असतात. एटीपीचा एक रेणू खर्चून पंप तीन सोडियम पेशीबाहेर रक्ताच्या दिशेने टाकतो आणि दोन पोटॅशियम आत घेतो. त्यामुळे पेशीच्या आत सोडियमची कायम टंचाई राहते: बाहेर लिटरमागे 140 मिलिमोल, तर आत दहा-पंधरा. शिवाय आतली बाजू विजेच्या दृष्टीने ऋण असते. पोकळीकडच्या बाजूला एखादे दार उघडले की सोडियम आपसूक आत घरंगळते.

गंमत या दारांत आहे. सोडियम आत शिरताना एकटे शिरत नाही. एका दारात ते ग्लुकोजला बरोबर घेते, दुसऱ्यात अमिनो आम्लाला, तिसऱ्यात फॉस्फेटला. चौथ्यात ते आत येते आणि बदल्यात आम्लाचा हायड्रोजन आयन बाहेर जातो. यांपैकी एकाही दाराला एटीपी लागत नाही. इमारतीची मोटर एकदा पाणी गच्चीवरच्या टाकीत चढवते; मग स्वयंपाकघर, न्हाणी, बाग, कुठलाही नळ सोडा, विजेचे बिल वाढत नाही. नलिकेच्या पेशीतली मोटर म्हणजे हा सोडियमचा पंप. रोज गाळली जाणारी 180 ग्रॅम साखर निरोगी माणसात जवळजवळ पूर्ण परत येते, ती या एकाच मोटरीच्या जोरावर.

गाळलेल्या मिठाचा दोनतृतीयांश भाग समीप नलिकाच, म्हणजे नलिकेचा संपुटाला लागून असलेला पहिला भागच, परत घेते. तिच्या पेशीचे सूक्ष्मदर्शकातले चित्र एकदा तरी पाहण्यासारखे आहे. पोकळीकडे दाट ब्रशसारखी लव. रक्ताकडे पटलाच्या खोल खोल घड्या, म्हणजे पंप बसवायला भरपूर जागा. आणि त्या घड्यांमध्ये उभ्या रचलेल्या लांबट मायटोकाँड्रिया, पंपांना अगदी खेटून. एटीपी जिथे लागते तिथेच तयार होते.

ही पेशी इंधन म्हणून साखर जाळत नाही म्हटले तरी चालेल. ती मेदाम्ले, लॅक्टेट, ग्लुटामिन जाळते, आणि हाताखालून जाणारी एवढी साखर इमानाने रक्ताला परत करते. उलट उपासाच्या काळात ती स्वतः नवे ग्लुकोज तयार करून रक्तात सोडते. या शिस्तीची किंमत मात्र आहे. ऑक्सिजनशिवाय साखर आंबवून वेळ मारून नेण्याची जी सोय स्नायूंना असते, ती हिला जवळपास नाही. ऑक्सिजन थांबला की ही पेशी लगेच अडचणीत येते.

अठराऐवजी अठ्ठावीस

आता तो अठराचा आकडा. त्या काळच्या हिशेबाने एका ऑक्सिजन रेणूमागे एटीपीचे सहा रेणू तयार होत, आणि दर एटीपीमागे तीन सोडियम. सहा त्रिक अठरा. बेडकाच्या कातडीचा हिशेब चोख जुळला. पण 1961 च्या सुमारास डेन्मार्क आणि जर्मनीतल्या शास्त्रज्ञांनी जिवंत प्राण्यांच्या मूत्रपिंडांवर हेच मोजले, तेव्हा आकडा आला 28 ते 30. मूत्रपिंड तेवढ्याच ऑक्सिजनमध्ये जवळपास दीडपट मीठ हलवत होते. मोजण्यात खोट नव्हती आणि पंपही निराळा नव्हता.

जास्तीच्या मिठाची वाट पेशींच्या मधून होती. समीप नलिकेच्या शेजारी-शेजारी असलेल्या पेशींमधली फट पूर्ण बंद नसते. नलिकेच्या सुरुवातीला साखर, बायकार्बोनेट आणि पाणी आत घेतले गेले की पोकळीत मागे राहिलेले क्लोराईड दाट होते. मग ते त्या फटींतून उताराने रक्ताकडे सरकते आणि त्याच्यामागे सोडियमही जाते. या वाटेवर एटीपीचा खर्च शून्य. नलिकेच्या पुढच्या भागात, हेन्लेच्या पाशातही असाच प्रकार चालतो: पेशीच्या आतून एक सोडियम नेताना पोकळीत जो धन विद्युतभार तयार होतो, तो आणखी सोडियमला फटीतून ढकलतो.

क्लॉडिन-2 हे प्रथिन या फटींत सोडियमसाठी वाट करून देते. ते नसलेले उंदीर तयार करून त्यांचा अभ्यास 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. वरवर पाहता त्या उंदरांचे काही बिघडलेले नव्हते. लघवीतून मीठ वाहून जात नव्हते, कारण पुढच्या नलिका जास्तीचे काम उरकत होत्या. पण त्यांची मूत्रपिंडे ऑक्सिजन जास्त खात होती, आतल्या गाभ्यात ऑक्सिजनची चणचण होती आणि रक्तपुरवठा थोडा वेळ तोडला तर इजा जास्त होत होती. फुकटची वाट बंद झाली तरी मीठ वाचले, पण खर्च वाढला. मला या सगळ्या विषयातला हा सर्वांत देखणा प्रयोग वाटतो.

एकूण खर्च किती? दोन्ही मूत्रपिंडे मिनिटाला सुमारे 18 मिलिलिटर ऑक्सिजन वापरतात, म्हणजे स्वस्थ बसलेल्या शरीराच्या एकूण वापराच्या सात टक्के. दर 100 ग्रॅमला सहा मिलिलिटर. मेंदूचा आकडा साडेतीन आहे. तरीही मूत्रपिंडातून परतणाऱ्या रक्तात ऑक्सिजन बराच शिल्लक असतो, कारण रक्त आलेलेच असते भरमसाट. हृदयाचा स्नायू आपल्याकडे आलेल्या ऑक्सिजनपैकी साठ-सत्तर टक्के काढून घेतो. मूत्रपिंड दहा-पंधरा टक्के.

इतर अवयवांत काम वाढले की रक्त वाढते. इथे उलट आहे. रक्त वाढले की गाळणे वाढते, गाळणे वाढले की परत घ्यायचे मीठ वाढते, आणि मग ऑक्सिजनचा वापर वाढतो. रक्त कमी झाले तर कामही कमी. आवक आणि खर्च असे एकमेकांना बांधलेले असल्यामुळे रक्तप्रवाहातल्या लहानसहान चढउतारांनी मूत्रपिंडातली ऑक्सिजनची पातळी फारशी हलत नाही. ती हलते रक्तात तांबड्या पेशी कमी झाल्या तर. तांबड्या पेशी वाढवणारे एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक मूत्रपिंडात तयार व्हावे, यामागचे इंगित बहुधा हेच. मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णांना रक्तक्षय होतो आणि या संप्रेरकाची इंजेक्शने घ्यावी लागतात, तेही यामुळेच.

गाभ्यातली टंचाई

वरचे सगळे बाहेरच्या थराचे झाले. आतल्या गाभ्यातली परिस्थिती निराळी आहे.

हेन्लेचा पाश गाभ्यात खोल उतरतो आणि वळून वर येतो. वर येणारा जाड भाग गाळलेल्या मिठापैकी सुमारे पाव हिस्सा बाहेर काढतो, पण पाण्याला जाऊ देत नाही. त्यामुळे गाभ्यातल्या पेशींभोवती मीठ साचते आणि तो रक्ताच्या चौपट दाट होऊ शकतो. शेवटच्या संग्राहक नलिका या खारट भागातून जाताना पाणी सोडतात आणि लघवी घट्ट होते. वैशाखात दिवसभर पाण्यावाचून राहूनही माणूस तगतो तो या साचलेल्या मिठामुळे.

पण हे मीठ तिथे टिकायचे तर रक्ताने ते धुऊन नेता कामा नये. म्हणून गाभ्यात रक्त थोडेच आणि हळूहळू फिरते, तेही खाली उतरणाऱ्या आणि वर चढणाऱ्या शेजारशेजारच्या वाहिन्यांतून. खाली जाणाऱ्या रक्तातला ऑक्सिजन वाटेतच वर जाणाऱ्या रक्तात सटकतो. परिणाम असा की बाहेरच्या थरात ऑक्सिजनचा दाब 50 मिलिमीटरच्या आसपास असतो आणि गाभ्यात दहा ते वीस. अंगातल्या सर्वांत मेहनती पेशींपैकी काही पेशी अशा जागी राबतात. मायर ब्रेझिस आणि सीमोर रोझेन यांनी 1995 मध्ये हे चित्र डॉक्टरांपुढे नीट मांडले: पाणी वाचवण्यासाठी मूत्रपिंडाचा गाभा कायम गुदमरण्याच्या काठावर जगतो.

या काठावरून तोल जाऊ नये म्हणून प्रोस्टाग्लँडिन नावाची स्थानिक रसायने तिथल्या रक्तवाहिन्या उघड्या ठेवतात. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या वेदनाशामक गोळ्या गुडघ्यातली प्रोस्टाग्लँडिने थांबवून दुखणे कमी करतात, आणि त्याच झटक्यात मूत्रपिंडातलीही थांबवतात. भरपूर पाणी प्यायलेल्या धडधाकट माणसाला एखाद्या गोळीने सहसा काही होत नाही. अंगातले पाणी आटलेले असेल तर मात्र गोष्ट वेगळी.

गाभ्याचे काम कमी केले तर तो वाचेल का? फ्युरोसेमाइड हे औषध जाड भागातले मिठाचे दार बंद करते, आणि प्राण्यांमध्ये त्याने गाभ्यातला ऑक्सिजन वाढल्याचे दिसते. मग रुग्णांना ते आधीच द्यावे, असा सुबक विचार पुढे आला. क्ष-किरण तपासणीत रक्तवाहिनीतून देतात त्या रंगद्रव्याने मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. ते रंगद्रव्य घेणाऱ्या रुग्णांवर 1994 मध्ये चाचणी झाली. नुसते सलाइन दिलेल्या गटाचे बरे झाले, सलाइनसोबत फ्युरोसेमाइड दिलेल्यांचे त्याहून वाईट. गाभ्याला विश्रांती देताना अंगातले पाणीच काढून टाकले, तर रक्तपुरवठा घटतो. उंदरातले तर्क माणसात परत तपासावे लागतात ते यासाठी.

लघवी थांबते तेव्हा

मूत्रपिंडाला मोठी इजा झाली की लघवी कमी होते किंवा थांबते. घरचे लोक घाबरतात, आणि घाबरायलाच हवे. पण क्लाउस थुराऊ आणि जॉन बॉयलन यांनी 1976 मध्ये एक वेगळा हिशेब मांडला. समजा नलिका मीठ-पाणी परत घेईनाशा झाल्या आणि गाळणे मात्र मिनिटाला 125 मिलिलिटरने चालूच राहिले. रक्तातल्या तीन लिटर द्रवाएवढा ऐवज 24 मिनिटांत लघवीवाटे निघून जाईल. म्हणून गाळणेच कमी करणे हा शरीराचा शहाणपणा आहे. त्या दोघांनी याला मूत्रपिंडाचे ‘यश’ म्हटले, आणि ते नुसते चमकदार बोलणे नव्हते. हेन्लेचा पाश वर येऊन आपल्याच केशिकागुच्छाला चिकटतो, आणि तिथल्या पेशी पुढे किती मीठ चालले आहे हे पाहत असतात. मीठ जास्त निसटू लागले की त्या गुच्छाकडे येणारी रक्तवाहिनी आवळायला लावतात. या निरोपात ॲडिनोसिनचा मोठा हात असतो. ॲडिनोसिन म्हणजे एटीपी फुटून उरणारा भाग.

मधुमेहात हाच निरोप फसवा ठरतो. गाळलेल्या द्रवात साखर जास्त, म्हणून समीप नलिका साखरेबरोबर सोडियमही जास्त ओढते. पुढे मीठ कमी पोचते. पहारेकरी पेशींना वाटते गाळणे कमी पडते आहे, आणि त्या रक्तवाहिनी सैल सोडतात. गाळणे वाढते, काम वाढते, वर्षानुवर्षे गुच्छ झिजतात. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या साखर-सोडियमचे ते दार बंद करतात. साखर लघवीत जाते, मीठ पुढे पोचते, वाहिनी पुन्हा आवळली जाते. डॅपाग्लिफ्लोझिनची 4304 रुग्णांवरची चाचणी 2020 मध्ये प्रसिद्ध झाली. मूत्रपिंड मोठ्या प्रमाणात ढासळणे, डायलिसिसची पाळी येणे, मूत्रपिंड किंवा हृदयाच्या कारणाने मृत्यू येणे, यांचा एकत्रित धोका 39 टक्क्यांनी घटला होता. रुग्णांपैकी जवळपास एकतृतीयांशांना मधुमेह नव्हताच, आणि फायदा त्यांनाही झाला. त्याच वर्षी भारतात या औषधाचे पेटंट संपले आणि गोळी पुष्कळ स्वस्त झाली. अलीकडच्या औषधांत सामान्य माणसाच्या खिशाला परवडणारी अशी उदाहरणे थोडी.

आपल्याकडच्या पावसाळ्यात मात्र नलिकेवरचा हल्ला दुसरीकडून येतो. लेप्टोस्पायरोसिस, म्हणजे लेप्टो, या आजाराचे जंतू उंदराच्या मूत्रपिंडात, नेमके समीप नलिकेत, मुक्काम ठोकून असतात; उंदराला त्याचे फारसे काही नाही. ते त्याच्या लघवीतून पाण्यात उतरतात आणि माणसाच्या पायाच्या चिरांतून आत शिरतात. जुलै 2005 च्या पुरानंतर मुंबईने याचा अनुभव घेतला; कोकणात भातलावणीच्या दिवसांत शेतकरी तो अजून घेतात. या जंतूच्या आवरणातला एक घटक सोडियमचा पंपच अडवतो, हे 1995 मध्ये प्रयोगशाळेत दिसले. पंप मंदावला की समीप नलिका मीठ सोडते, ते पुढे जाते, आणि शेवटच्या नलिका त्यातले काही वाचवताना बदल्यात पोटॅशियम गमावतात. म्हणून या आजारात मूत्रपिंड बिघडूनही पुष्कळदा लघवी भरपूर होते आणि रक्तातले पोटॅशियम उतरते. मूत्रपिंडाच्या इतर बहुतेक तीव्र बिघाडांत ते चढते. लघवी होते आहे ना, मग मूत्रपिंड ठीक, ही समजूत इथे घात करते.

पावसाळी पाण्यातून चालून आल्यावर आठ-पंधरा दिवसांत ताप आला, अंग आणि पोटऱ्या दुखू लागल्या, तर दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणून दिवस ढकलू नका. उलट्या, जुलाब किंवा उन्हाने अंगातले पाणी गेलेले असेल तेव्हाही डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेनच्या वाटेला जाऊ नका. रक्तदाबाच्या, लघवी वाढवणाऱ्या किंवा वर सांगितलेल्या मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील, तर अशा दिवसांत त्यांतल्या कोणत्या तात्पुरत्या थांबवायच्या हे डॉक्टरांना आजारी पडण्याआधीच विचारून, लिहून घेऊन ठेवा.